तत्त्वं सांभाळून छोटा व्यवसाय चालवायचा, तर सुरुवात कुठून करायची?

माझा वह्या आणि बाइंडिंगचा छोटा व्यवसाय आहे. सुरू करून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका संस्थेची मोठी ऑर्डर आली. दर ठरला, नमुना पास झाला. निघता निघता त्यांच्या खरेदी विभागातले गृहस्थ हळूच म्हणाले, "बिल जरा चढवून बनवा, वरचं आपण बघून घेऊ." मी म्हणालो, "बघतो." एवढंच. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आपण सरळ माणूस आहोत असं मी इतकी वर्षं समजत होतो, आणि त्या टेबलासमोर साधं 'नाही' तोंडातून फुटलं नव्हतं. दोन दिवसांनी फोन करून नकार कळवला. ऑर्डर गेली. गेलेल्या ऑर्डरपेक्षा ते दोन दिवस मला जास्त लागले.

तेव्हा कळलं की चांगला हेतू आयत्या वेळी कामाला येत नाही. उत्तर आधी ठरलेलं असावं लागतं, आणि ते दिल्यावर होणारं नुकसान सोसायची तयारीही आधीच करून ठेवावी लागते. मराठीत 'मूल्य' म्हणजे तत्त्वही आणि किंमतही. व्यवसायात उतरलं की हे दोन्ही अर्थ एकदमच समोर उभे राहतात. "धंद्यात थोडं इकडचं तिकडे करावंच लागतं" म्हणणारे तुम्हाला भेटतील. "चांगलं वागा, पैसा आपोआप येतो" म्हणणारेही भेटतील. माझ्या अनुभवात दोघंही नवख्या माणसाला गोत्यात आणतात. प्रत्येक तत्त्वाला खर्च असतो. तो आधी मोजून भावात धरला तर तत्त्व टिकतं, नाहीतर पहिल्या मंदीत गळून पडतं. मोजायचं कसं आणि धरायचं कुठे, ते पुढे क्रमाने सांगतो.

पायरी 1: चीड आलेल्या प्रसंगांची यादी करा

कागदावर 'आमची मूल्ये' असं लिहून खाली गुणवत्ता, सचोटी, ग्राहकसेवा हे शब्द मांडू नका. त्यांनी काहीच ठरत नाही. शब्द उलटा करून पाहा. 'आम्ही खराब माल देतो' असं कुणी म्हणेल का? कुणीच नाही. मग 'उत्तम माल' म्हणून तुम्ही तुमच्याबद्दल वेगळं काय सांगितलंत?

त्याऐवजी ग्राहक म्हणून किंवा नोकरीत असताना मनापासून चीड आली असे पाच प्रसंग लिहा. माझ्या यादीत होतं: पगार दर महिन्याला पुढे ढकलला जायचा. ओळखीच्याला एक भाव आणि मला दुसरा. चूक दाखवली की समोरच्याचा फोन लागेनासा व्हायचा. आता प्रत्येक प्रसंगापुढे एक वाक्य पूर्ण करा: 'माझ्याकडे असं होणार नाही, आणि त्यासाठी मी...' वाक्याचा दुसरा भाग लिहिताना घाम फुटतो, आणि खरं काम तिथेच आहे. 'त्यासाठी मी प्रामाणिक राहीन' हे चालणार नाही. कोण, काय, केव्हा करणार ते त्यात यायला हवं. 'ठरलेल्या मालात बदल करावा लागला, तर काम सुरू करण्याआधी मी स्वतः ग्राहकाला फोन करीन' हा नियम झाला. हा पाळला की मोडला ते कुणालाही सांगता येतं.

तीन किंवा चारच नियम ठेवा. दहा ठेवलेत तर अडचणीच्या दिवशी त्यातला सोयीचा तेवढा आठवेल.

मग त्यांचा क्रम लावा. ही गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. चांगलं विरुद्ध वाईट असा पेच त्या मानाने सोपा असतो. अवघड पेच दोन चांगल्या गोष्टींचा असतो. कामगारांना रात्री थांबवायचं नाही आणि ग्राहकाला दिलेली तारीख चुकवायची नाही, हे दोन्ही नियम एकाच संध्याकाळी एकमेकांना आडवे येतात. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने 1943 साली आपली जबाबदारी एका पानावर लिहून काढली, तेव्हा त्यात क्रम होता: आधी माल वापरणारे, मग काम करणारे, मग समाज, आणि भागधारक सगळ्यात शेवटी. 1982 साली शिकागो परिसरात त्यांच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि 7 माणसं दगावली. कंपनीने सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या. नुकसान कुणी आधी सोसायचं याचं उत्तर त्या पानावर होतं. पान आहे म्हणून काळजी मिटत नाही, हेही खरं. पुढे त्याच कंपनीवर टाल्क पावडरीवरून हजारो दावे झाले. पण ज्या दिवशी विचार करायला वेळ नसतो, त्या दिवशी क्रम आधी लावलेला असणं फार मोलाचं.

माझ्याकडे कामगार आधी, तारीख नंतर. म्हणून मी तारीख देतानाच दोन दिवस हातचे ठेवून देतो. त्यामुळे घाईची काही कामं दुसरीकडे जातात. तो माझा खर्च.

पायरी 2: प्रत्येक नियमापुढे त्याचा खर्च लिहा

या पायरीला एक अख्खा रविवार द्या. बाकी कशाला वेळ कमी पडला तरी चालेल.

आधी साधं गणित. समजा, 100ला विकलेल्या वस्तूवर कच्चा माल आणि मजुरी मिळून 60 खर्च होतात. हातात 40 राहतात. या 40 मधून भाडं, वीज, तुमचा पगार, कर, सगळं भागवायचं. आता कुणी गळ घातली म्हणून 10 टक्के सूट दिलीत. खर्च 60च राहिला, मिळाले 90, हातात आले 30. म्हणजे पूर्वी तीन वस्तूंवर जे सुटायचं त्यासाठी आता चार विकाव्या लागणार. हातात 30च राहत असतील तर तीच सूट 20 वर आणते, आणि विक्री दीडपट करावी लागते. 'दहा टक्क्यांनी काय होतंय' हे वाक्य पुन्हा ऐकाल तेव्हा हा हिशेब आठवा.

आता हेच तुमच्या नियमांना लावा.

'सदोष माल विनातक्रार बदलून देऊ' असा नियम आहे? 100 वस्तूंपैकी 2 परत येतात असं धरू. त्या नव्याने करून द्यायला 120 लागतात. 10,000च्या विक्रीवर 120, म्हणजे 1.2 टक्के. एवढी रक्कम भावात आधीच धरली असेल, तर परत आलेली वही पाहून तुमच्या कपाळावर आठी पडणार नाही. बदलून देताना चेहरा हसरा राहिला तरच त्या नियमाला अर्थ आहे, आणि तो हसरा राहायचा तर पैसे आधी बाजूला काढलेले हवेत.

'पगार ठरलेल्या तारखेलाच' असा नियम आहे? मग एका महिन्याचे सगळे पगार बँकेत कायम पडून हवेत. ती रक्कम तुमची नाही असं समजा. ती जमेपर्यंत नवी माणसं घेऊ नका.

'उत्पन्नातला काही वाटा चांगल्या कामाला' असं ठरवलंय? उत्पन्न म्हणजे विक्री की नफा, ते आजच लिहा. विक्रीचा 1 टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण निव्वळ नफा विक्रीच्या 8 टक्के असेल, तर तो नफ्याचा आठवा हिस्सा झाला, आणि तोट्याच्या वर्षीही तो द्यावाच लागतो. नवख्याने नफ्यातून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. द्यायची इच्छा दांडगी आणि हिशेब कच्चा, अशा व्यवसायात शेवटी पुरवठादाराचे पैसे थकतात. दुसऱ्याचे पैसे थकवून केलेलं दान मला दान वाटत नाही.

आणि एक नोंद हमखास राहून जाते: तुमचा स्वतःचा पगार. तत्त्वं मानणारी माणसं इथे स्वतःवरच अन्याय करतात. भाव कमी ठेवतात, माल चोख देतात, कामगारांना नीट देतात, आणि तूट स्वतःच्या रात्रींनी भरून काढतात. घरातलं माणूस फुकट पॅकिंग करतं, हिशेब लिहितं, आणि ते कुठेच दिसत नाही. पहिली दोन वर्षं मी हेच केलं, आणि व्यवसाय नफ्यात आहे असं सगळ्यांना सांगत राहिलो. तेच काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचं तर जे द्यावं लागेल, ते तुमच्या आणि घरच्यांच्या नावावर खर्चात टाका. हातात घेणं पहिले काही महिने जमणार नाही कदाचित, पण वहीत लिहा. ते लिहिल्यावर भाव बसत नसेल, तर भाव वाढवा किंवा वस्तू बदला.

पायरी 3: भाव सगळ्यांना एकच

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या दुकानदारांनी घासाघीस बंद केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: 100ला द्यायची वस्तू आहे हे मनात असताना तोंडाने 150 म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. सुरुवातीला गिऱ्हाईक बिथरलं. पुढे लोकांना उमगलं की या दुकानात लहान पोर पाठवलं तरी त्याला फसवणार नाहीत. मग गर्दी तिकडेच वळली. ज्याला बोलता येत नाही, ज्याला भांडायला लाज वाटते, त्यालाही तोच भाव मिळतो. एका भावातली न्यायाची बाजू ही आहे, आणि ती मला फार जवळची वाटते.

याचा अर्थ सूट बंद असा नाही. सूट कारणाला द्या, माणसाला नको. नग जास्त, पूर्ण रक्कम आगाऊ, मंदीच्या महिन्यात काम, अशी दोन-तीन कारणं दरपत्रकावरच छापा. मग कुणी गळ घातली की वाद घालावा लागत नाही. "500 नग घेतलेत तर सुटीचा दर बसतो, 200ला नेहमीचाच दर आहे" असं म्हणायचं आणि थांबायचं. थांबणं महत्त्वाचं. आपण गप्प राहायला घाबरतो, म्हणून पुढचं वाक्य सूट देऊन भरतो.

पायरी 4: उधारी आणि देणी

1844 साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात 28 जणांनी मिळून सहकारी दुकान काढलं. त्यांच्या नियमांत दोन गोष्टी होत्या: माल भेसळ नसलेला आणि मापात पूर्ण, आणि विक्री रोखीने. गिऱ्हाइकं त्यांच्यासारखीच कष्टकरी. तरीही उधारी नाही, कारण उधारीवर चाललेली अशी दुकानं बुडताना लोकांनी पाहिली होती. जगभरातली सहकारी दुकानं पुढे त्यांच्याकडेच आपला आरंभ म्हणून पाहू लागली. मला यातून एक समज मिळाली: उधारी नाकारणं हा कठोरपणाच असतो असं नाही. बुडालेलं दुकान कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

नव्या ग्राहकाकडून निम्मे पैसे आगाऊ घ्या, उरलेले माल देताना. मोठ्या संस्थांना मुदत द्यावी लागते. ती लेखी घ्या आणि मुदत संपायच्या तीन दिवस आधी नम्रपणे आठवण करा. चिडून महिनाभराने केलेल्या फोनपेक्षा ते दोघांनाही बरं.

तुमची देणी मात्र तारखेला. ग्राहकाने थकवलं म्हणून मी पुरवठादाराचं थकवतो, पुरवठादार त्याच्या हमालाचं थकवतो, आणि ती साखळी नेहमी सगळ्यात गरीब माणसापाशी येऊन थांबते. कराची रक्कम पैसे आल्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका. घरखर्चाचं खातं आणि व्यवसायाचं खातं वेगळं, हे सांगायला नकोच.

पायरी 5: 'नाही' म्हणायची ताकद जमवा

गरजवंताला अक्कल नसते, असं आपल्याकडे म्हणतात. मला ते शिव्याशाप वाटत नाही, ते सावधगिरीचं वाक्य आहे. महिनाअखेरीला खात्यात काहीच नसेल, तर कुठलंही तत्त्व त्या दिवशी महागच वाटणार. म्हणून तीन महिन्यांचा ठरलेला खर्च (भाडं, पगार, हप्ते) गाठीला बांधणं हे तत्त्वाचंच काम समजा. एकदम जमणार नाही. प्रत्येक जमेतून 5 टक्के वेगळे काढत जा.

दुसरी गोष्ट, एकाच ग्राहकावर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त विक्री अवलंबून राहू देऊ नका. तो कितीही भला असला तरी. उद्या त्याच्या जागी दुसरा माणूस बसला आणि त्याने काही भलतं मागितलं, तर तुमच्याकडे पर्याय उरत नाही.

आणि वाक्यं तयार ठेवा. आरशासमोर म्हणून पाहा, खरंच. मी आता असं म्हणतो: "बिल ठरलेल्या दराचंच होईल, ते माझ्याकडून बदलत नाही. काम मात्र तुम्हाला हवं तसं करून देईन." आवाज चढवायचा नाही, समोरच्याला उपदेश करायचा नाही, कारणांची रास लावायची नाही. जितकी कारणं द्याल तितकी त्यांची उत्तरं तयार असतात. काही जण निघून जातात, काही जण "बरं" म्हणतात आणि काम देतात. किती जण नुसतं बोलून बघत असतात, हे मला ठामपणे बोलायला लागल्यावरच कळलं.

पायरी 6: चूक झाल्यावर काय करायचं

नियम कितीही नीट लिहा, कधीतरी मोडणारच. माझ्याकडे 500 वह्यांचं काम होतं, कागद 80 जीएसएमचा ठरलेला, म्हणजे एका चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणारा. रिमच्या वेष्टनावर 80 छापलेलं. निम्म्या वह्या शिवून झाल्यावर एकीत पेनने नाव लिहिलं तर शाई मागे उमटली. कागदाचं वजन तपासणं सोपं असतं: 10 बाय 10 सेंटीमीटरचे तुकडे कापायचे. 80 जीएसएमचे दहा तुकडे बरोबर 8 ग्रॅम भरायला हवेत. मी दहा तुकडे बारीक काट्यावर ठेवले. 7 ग्रॅम. पुन्हा कापले, पुन्हा 7. कागद 70चा होता.

ग्राहकाला कदाचित कधीच कळलं नसतं. वेष्टन माझ्या बाजूने साक्ष द्यायला होतंच. पण पहिल्या पायरीतला नियम लिहिलेला होता, त्यामुळे करायचं काय हा प्रश्न उरला नाही, फक्त फोन उचलायचा होता. मी चार गोष्टी सांगितल्या: काय झालं, कशामुळे झालं, आता काम थांबवलंय, आणि तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. झालेल्या वह्या कमी दरात घ्या, किंवा सगळ्या नव्याने करून देतो, नऊ दिवस लागतील. त्यांनी झालेल्या कमी दरात घेतल्या आणि उरलेल्या योग्य कागदावर करून घेतल्या. त्या कामात मला तोटा झाला. कागदवाल्याने फरक दिला, शिलाईची मजुरी गेली ती गेली. ते ग्राहक पुन्हा आले नाहीत. ही बाजूही सांगायला हवी, कारण 'खरं बोललो आणि ग्राहक कायमचा जोडला गेला' असंच दर वेळी घडत नाही.

तेव्हापासून रिम फोडली की आधी दहा तुकडे काट्यावर जातात, मगच कटिंग. चुकीनंतर एक तपासणी कायमची वाढवा, आणि ती कोण करणार त्याचं नाव लिहा. फोन मात्र तुम्हीच करा, मेसेज नको, आणि ग्राहकाच्या लक्षात येण्याआधी करा.

पायरी 7: तुमचा चालणारा मालच तत्त्वाच्या आड आला तर

हा पेच उशिरा येतो, पण येतो. इव्हॉन शुइनार्ड हे गिर्यारोहक पुढे पेटॅगोनिया या कपड्यांच्या कंपनीचे संस्थापक म्हणून ओळखले गेले. त्याआधी ते कड्याच्या भेगेत ठोकायच्या पोलादी खिळ्या, म्हणजे पिटॉन, बनवून विकत. 1970च्या सुमारास त्यांच्या धंद्याचा सुमारे 70 टक्के भाग या पिटॉनवर होता. पण तेच पिटॉन पुन्हा पुन्हा ठोकून, उपसून कड्यांच्या भेगा फुटत होत्या, आणि हे त्यांना स्वतः चढताना दिसत होतं. त्यांनी पिटॉनमधून अंग काढायचं ठरवलं आणि हाताने भेगेत अडकवता येणारे, हातोडा न लागणारे ॲल्युमिनियमचे तुकडे 1972च्या कॅटलॉगमध्ये आणले. त्याच कॅटलॉगमध्ये ते का आणि कसे वापरायचे, हे लांबलचक समजावून सांगितलं. काही महिन्यांतच नव्या मालाची मागणी पुरवता येईना.

नवख्याने यातून घ्यायचं ते हे: नुसतं बंद करू नका, पर्याय तयार करा, आणि ग्राहकाला शिकवायची मेहनत घ्या. मी प्लास्टिकचं लॅमिनेशन असंच कमी करत आणलं. आधी बिनलॅमिनेशनचा जाड पुठ्ठा नमुना म्हणून फुकट दाखवला, मग तो दरपत्रकात वर आणला, लॅमिनेशन खाली गेलं. पूर्ण थांबायला अजून वेळ लागेल. तोवर आपल्या वह्या पर्यावरणपूरक असल्याचं मी कुठेही छापत नाही. जेवढं केलंय तेवढंच सांगावं: 'या वहीच्या पुठ्ठ्यावर प्लास्टिक नाही.' ग्राहक नखाने खरवडून खात्री करू शकतो.

पायरी 8: माणसं

भागीदार घेणार असाल तर पैशाआधी हे विचारा: तोट्याच्या महिन्यात आधी कुणाचे पैसे द्यायचे? उत्तरं जुळली नाहीत तर मैत्री ठेवा, भागीदारी नको. जुळली तर लेखी करा. कामावर घेताना नियमांचं पान पहिल्याच दिवशी वाचून दाखवा आणि सांगा, "मी हे मोडताना दिसलो तर मला टोका." टोकलं की त्या माणसाचे सगळ्यांसमोर आभार माना. एकदा जरी तुम्ही त्यावर चिडलात, तर पुन्हा कुणी बोलणार नाही.

पायरी 9: दर तीन महिन्यांनी एक वही उघडा

हिशेबाच्या वहीशेजारी एक वेगळी वही ठेवा. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर तीन नोंदी: या तिमाहीत तो कधी मोडला, तो पाळताना किती पैसे गेले, आणि तो बदलायला हवा का. नियम बदलायला हरकत नाही, पण शांत दिवशी बदला. ऑर्डर समोर असताना कधीच नाही. एखादा नियम वर्षभरात ना मोडला, ना त्याला काही खर्च आला, तर तो काढून टाका आणि ती जागा दुसऱ्याला द्या.

माझ्या वहीच्या मागच्या तिमाहीच्या पानावर 'पुरवठादाराचे पैसे तारखेला' या नियमापुढे दोन तारखा आहेत, दोन्ही वेळा चार दिवस उशीर. कारण लिहिलंय: आगाऊ रक्कम न घेता काम सुरू केलं. खाली पेन्सिलने एक ओळ आहे: 'जुन्या ग्राहकालाही आगाऊ विचारायचं, लाजायचं नाही.' पुढच्या तिमाहीत तीच ओळ पेनने लिहायची की खोडायची, ते ठरेल.